विंडोज ११ नव्याने टाकल्यावर चार संगणकांचे अपडेट कमी डेटात कसे उरकावेत?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एकाच मॉडेलचे चार संगणक असून ते फॉरमॅट करून त्यांवर विंडोज ११ नव्याने टाकायचे आहे. इंटरनेट मोबाइल डेटावर चालणाऱ्या राउटरचे आहे आणि रोजची मर्यादा संपली की वेग इतका मंदावतो की साधे पानही उघडत नाही. अपडेट एकदाच उतरवून चारही ठिकाणी वापरता येतात का, कामाचा क्रम कसा ठेवावा, आणि सगळे ड्रायव्हर (संगणकाचे निरनिराळे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) एकत्र देणारी जी सॉफ्टवेअर मिळतात ती वापरावीत का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

पेनड्राइव्हवर जुनी आयएसओ (विंडोज टाकण्यासाठीची फाइल) असेल तर ती आधी बाजूला ठेवा, कारण निम्मा डेटा तिथेच वाया जातो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ताजी आयएसओ घ्यावी. ती पाच जीबीहून मोठी असते, म्हणून तालुक्याच्या गावी कोणाकडे फायबरची जोडणी असल्यास तिथूनच उतरवून आणणे सोयीचे. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, मासिक अपडेट एकत्रित स्वरूपाचे असतात. ताज्या अपडेटमध्ये मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्या आलेल्याच असतात, त्यामुळे विंडोज ७ च्या काळातले 'एकामागून एक सगळे टाका' हे सल्ले आता विसरावेत. नवे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा, येतात. त्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये, नाहीतर लगेच पुन्हा डेटा मोजावा लागेल.

ड्रायव्हर पॅकच्या वाटेला जाऊच नका. त्यांतले कित्येक नको ती सॉफ्टवेअरही सोबत घालतात. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक देऊन नेटवर्कचा ड्रायव्हर तेवढा आधीच पेनड्राइव्हवर घ्यावा, कारण तो नसेल तर विंडोज ११ चे सेटअप इंटरनेट मागत तिथेच अडून बसते. बाकीचे बहुतेक ड्रायव्हर विंडोज अपडेट स्वतःच आणते. काही राहिलेच तर 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये पाहावे.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. मात्र 'एकदाच उतरवा' म्हटले की बरेच जण मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगकडे (अपडेटच्या फाइली सुट्या उतरवता येतात त्या संकेतस्थळाकडे) धाव घेतात, म्हणून थोडी भर घालतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीसाठी कॅटलॉगमधील एमएसयू फाइल, म्हणजे अपडेटची फाइल, अलीकडे काही जीबींची असते, कारण तिच्यात सर्व प्रकारच्या संगणकांसाठी लागणारा मजकूर भरलेला असतो, तर विंडोज अपडेट त्या संगणकाला हवा तेवढाच भाग उतरवते. ताजी आयएसओ वापरली असेल, तर हा फरक आणखी वाढतो. शिवाय पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही. कॅटलॉगच्या पानावर एकाहून अधिक एमएसयू दिसल्या, तर त्या सर्व एकाच फोल्डरमध्ये ठेवून सर्वांत नवी फाइल डीआयएसएमने (विंडोजमधील आज्ञा देऊन चालवायच्या साधनाने) टाकावी, म्हणजे आधी लागणाऱ्या फाइली ते स्वतः शोधून घेते.

आपल्या परिस्थितीत मी 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन', म्हणजे एका संगणकाने उतरवलेले अपडेट दुसऱ्यांना देण्याची विंडोजमधील सोय, वापरेन. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली ते सापडेल. इतर संगणकांकडून डाउनलोड घेण्याची मुभा देऊन फक्त 'स्थानिक नेटवर्कवरील उपकरणे' हा पर्याय निवडावा. इंटरनेटवरील अनोळखी संगणकांचा पर्याय निवडल्यास आपलाच डेटा बाहेर जाऊ शकतो. मग एकच संगणक आधी पूर्ण अपडेट करावा, तो सुरूच ठेवावा आणि नंतर बाकीचे तीन लावावेत. त्यांना बराचसा भाग राउटरमार्फत त्या पहिल्याकडूनच मिळतो. हा साठा सामान्यतः तीन दिवस टिकतो, म्हणून पहिला आज आणि दुसरा पुढच्या आठवड्यात असे करू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मर्यादा जपण्यासाठी चारही संगणकांवर 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा कमी वापरा असे विंडोजला सांगणारी सेटिंग) चालू ठेवावे असे वाटत होते. ते या पद्धतीच्या आड येईल का?

प्रतिसाद २

होय, येईल. मीटर्ड असताना संगणक आपापसांत देवघेव करत नाहीत. सेटअप झाल्याबरोबर ते चालू करून ठेवावे, म्हणजे स्टोअरमधील ॲप्सची अद्ययावत आवृत्ती डेटा खाणार नाही. एकेका संगणकाची पाळी आली की मगच ते बंद करावे आणि पहिला संगणक मात्र सर्व होईपर्यंत मीटर्डविना ठेवावा.

प्रतिसाद ३

चारही एकाच मॉडेलचे आहेत, तेव्हा एक संगणक तयार करून सिसप्रेप (विंडोजची नक्कल इतर संगणकांवर टाकण्याजोगी करणारे विंडोजमधील साधन) चालवावे आणि त्याची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण नक्कल, इतर तिघांवर उतरवावी, हा सर्वांत कमी डेटाचा मार्ग आहे. तो जरा किचकट आहे, तरीही सवय असल्यास हाच निवडावा. सेटअपच्या पहिल्या पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये (वापरकर्ता तयार न करता संगणक सजवण्याच्या अवस्थेत) जावे आणि स्टोअरमधील ॲप्स मुळीच अपडेट होऊ देऊ नयेत. एखादे ॲप एकाच वापरकर्त्यापुरते अद्ययावत झाले, तर सिसप्रेप चूक दाखवून थांबते आणि ते ॲप शोधून काढत बसावे लागते.