काना गावचं लग्न: मरियेने लेकाला पुढे ढकललं की मोकळं सोडलं?

वसईची वाचक (धागाकर्ती)

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी एकातला) दुसरा अध्याय. गालीलातल्या काना गावी लग्न आहे. येशूची आई मरिया तिथे आहे, येशू आणि त्याचे शिष्यही आलेले आहेत. द्राक्षारस संपतो. आई येशूला म्हणते, "ह्यांच्याजवळ द्राक्षारस नाही." तो म्हणतो, "बाई, ह्याच्याशी तुझा माझा काय संबंध? माझी वेळ अजून आली नाही." त्यावर ती त्याला काही बोलत नाही. नोकरांना सांगते, "हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा." मग तो सहा दगडी रांजण पाण्याने भरायला लावतो आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो.

या भागावर प्रवचन झालं की बहुतेक वेळा एकच सूर ऐकू येतो: आईने शब्द टाकला, लेकाला तो मोडवला नाही, म्हणून आपणही मातेकडे मागावं. मीही रोज रोझरी (मरियेची जपमाळ) म्हणते, मरियेवर माझी श्रद्धा आहे. पण असं सांगताना गोष्टीतली आई हातून निसटते असं मला वाटतं. ती काही मागतच नाही. काय कमी पडलंय तेवढं सांगते, काय कर ते सांगत नाही. नकार ऐकल्यावर आर्जव नाही, रुसवा नाही, "तुला वाढवलं ते यासाठी का" नाही. ती नोकरांकडे वळते आणि निर्णय त्याच्या हाती ठेवते. "जे काही सांगेल ते" म्हणताना तो काहीच सांगणार नाही, हीही शक्यता तिने धरलेली आहे. लेकावरचा हक्क ती इथे सोडते असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

नाशिकचा वाचक

ताई, नाही पटलं. प्रसंग डोळ्यांपुढे आणा. लग्नघर, भोवती नोकर, आणि आई सगळ्यांच्या देखत त्यांना सांगते की हा सांगेल ते करा. आता सगळे त्याच्या तोंडाकडे बघताहेत. यापेक्षा मोठा दबाव कोणता? चारचौघांत "आमचा मुलगा करेल" असं आईने म्हटल्यावर मुलाला मागे फिरायला वाट राहत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल.

शिवाय तिच्या शब्दाचं वजन बघा. एकेका रांजणात अंदाजे ८० ते १२० लिटर पाणी, असे सहा. पाहुण्याने सांगितलं म्हणून नोकर एवढं पाणी वाहतात आणि काठोकाठ भरतात, एक प्रश्न न विचारता. आधी "वेळ आली नाही", मग लगेच "रांजण भरा". मधल्या वेळात काय बदललं? आई बोलली, एवढंच. चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मगुरू संत ख्रिसोस्तोमने तर स्पष्ट म्हटलंय की लेकामुळे आपलाही मान वाढावा असं तिला वाटत होतं. तो काही मरियेचा वैरी नव्हता.

एक पाळक, अहिल्यानगर

तुम्ही दोघंही आईला मध्यभागी बसवता, योहान तसं करत नाही. तो तिचं नावसुद्धा लिहीत नाही. प्रसंगाचा शेवट तो स्वतः सांगतो: येशूने आपलं गौरव प्रगट केलं आणि शिष्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

"काय बदललं?" या प्रश्नाचं उत्तर योहानातच आहे. सातव्या अध्यायात भाऊ त्याला म्हणतात, यहूदियात जा, जगाला दिसू दे. तो म्हणतो, माझी वेळ आली नाही. आणि भाऊ गेल्यावर स्वतःहून गुपचूप जातो. चौथ्या अध्यायात, पुन्हा कानातच, एक अंमलदार आजारी मुलासाठी येतो. आधी त्याला कठोर शब्द मिळतात, मग मुलगा बरा होतो. अकराव्यात येशूचा मित्र लाजर आजारी असल्याचा निरोप लाजरच्या बहिणी पाठवतात, तर तो आहे तिथेच आणखी दोन दिवस राहतो. जवळचे लोक घाई करतात, तो पित्याने ठरवलेल्या वेळी उठतो. आईलाही यात सवलत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत आणि तो विचारतो, माझी आई कोण?

वसईची वाचक

पाळकसाहेब, सातवा अध्याय आणलात हे फार बरं झालं, कारण माझा मुद्दा तिथेच दिसतो. भाऊ त्याला काय करायचं ते सांगतात, आणि योहान पुढे लिहितो की भाऊसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. आई असा एकही हुकूम देत नाही. दोघांना एका रांगेत कसं बसवायचं?

आणि "वेळ" म्हणजे काय, तेही बघायला हवं. योहानात तो शब्द शेवटी त्याच्या मरणाकडे जातो. आई प्रत्यक्ष दिसते ती दोनच प्रसंगी, कानात आणि क्रुसापाशी. प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीनने हे दोन्ही प्रसंग जोडले. त्याचा विचार असा, की येशू जणू आईला म्हणतो: चमत्कार करणारं देवपण मला तुझ्याकडून मिळालेलं नाही, तुझ्याकडून मिळाला तो हा दुबळा देह. तो क्रुसावर टांगला जाईल तेव्हा मी तुला ओळख देईन. आणि खरोखरच क्रुसावरून तो तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवतो. हा अर्थ मला खोल वाटतो आणि छळतोही. ऑगस्टीन लेकाचे दोन भाग करतो. आईसाठी लेक अख्खा असतो.

मोठ्या मुलाची आई, टोरांटो

मी ख्रिस्ती नाही. धागा वाचून तो अध्याय वाचला, म्हणून लिहिते.

लूकच्या शुभवर्तमानात म्हटलंय की कामाला सुरुवात केली तेव्हा येशू सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे हा कर्ता पुरुष आहे. त्याचं उत्तर मला लागलं. ते मऊ करून सांगण्याची धडपड मला नको वाटते. स्वतःच्या कामाला निघालेल्या मुलाला हे एकदा बोलावं लागतं, आईला ते ऐकावं लागतं, आणि ते दुखतं.

पण त्याआधी द्राक्षारस संपल्याचं तिला कळतं, याबद्दल कुणीच लिहिलं नाही. तिला कुणी सांगितल्याचा उल्लेख नाही. अनेक दिवस चालणारं लग्न, द्राक्षारस संपला तर लाज नवऱ्या मुलाच्या घरची. भोजनकारभाऱ्याला तर शेवटपर्यंत पत्ता नाही; चांगला द्राक्षारस आतापर्यंत का ठेवला, म्हणून तो नवरदेवाला विचारतो. दुसऱ्याच्या घरची अडचण हिला आधी दिसते. लेकाकडे ती आणते ती लोकांची गरज, स्वतःची नव्हे.

ताई, "हक्क सोडला" हे मात्र मला घाईचं वाटतं. आशा सोडलेली बाई नोकरांना तयार ठेवत नाही.

नाशिकचा वाचक

हेच तर म्हणतोय! आशा धरून नोकर उभे केले की तो दबावच.

मोठ्या मुलाची आई, टोरांटो

नाही हो. "करशीलच ना?" हा दबाव. "केलंस तर हे लोक तयार आहेत" यात फरक आहे. मुलाला तो बरोबर कळतो.

एक पाळक, अहिल्यानगर

एका बाबतीत ताईंच्या बाजूने बोलतो. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ४१व्या अध्यायात दुष्काळ पडल्यावर फारो (मिसरचा राजा) मिसरी लोकांना सांगतो, योसेफाकडे (याकोबाच्या मुलाकडे) जा, तो सांगेल ते करा. मरियेचं वाक्य जवळजवळ तेच आहे. फारो तिथे योसेफावर दबाव आणत नाही, स्वतःचा अधिकार त्याच्याकडे देतो. योहानाच्या मनात ती गोष्ट असेल, तर आईच्या वाक्यात हक्कापेक्षा सोपवणं जास्त आहे. तरी चमत्कार आईच्या शब्दामुळे झाला, हे मी मान्य करणार नाही.

नाशिकचा वाचक

मग मला सांगा, या प्रसंगानंतर ती लेकाबरोबर गालीलातल्याच कफर्णहूम गावी जाते, थोडे दिवस राहते, आणि तिथून थेट क्रुसापर्यंत योहान तिला दाखवत नाही. एवढं सगळं छान सोपवलं होतं, तर मधली इतकी वर्षं ती कुठे आहे?

वसईची वाचक

मध्ये ती दिसत नाही यातच मला माझं म्हणणं दिसतं. दबाव आणणारी आई, लेकाने चमत्काराने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा, गर्दीत पुढे असती. आणि क्रुसापाशी बघा: कानात दुसऱ्याच्या द्राक्षारसासाठी ती बोलली, इथे स्वतःच्या लेकासाठी एक शब्द मागत नाही.

नाशिकचा वाचक

क्रुसापाशी रोमी शिपाई होते, ताई. तिथे ती कुणाला काय सांगणार होती? तिच्या गप्प राहण्यावरून कानाच्या लग्नाचा निकाल लावता येत नाही. पाळकसाहेबांचा सातवा अध्याय मला अधिक अडचणीचा आहे. तो पुन्हा नीट वाचून लिहितो.