अल्बर्टाच्या सोशल क्रेडिटमधल्या बायका: फक्त नावापुरत्या का?

रानफूल: आम्ही कॅल्गरीला राहतो, सध्या कॅनडातल्या या अल्बर्टा प्रांताच्या 1935च्या निवडणुकीबद्दल वाचतेय. जिथे बघावं तिथे जिंकलेल्या सोशल क्रेडिट पक्षाचा नेता अॅबरहार्टच! एडिथ गॉस्टिक (कॅल्गरी) आणि एडिथ रॉजर्स (पोनोका) अशा दोन बायका त्याच लाटेत आमदार झाल्या, त्यांची बोळवण एका ओळीत. त्यांनी खरंच काही केलं की नुसती संख्या भरली?

जुनी_वही: आमदारकी नंतर बघ, आधी प्रचार बघ. गव्हाचे भाव पार कोसळलेले, शेतं बँकेकडे गहाण, आणि अॅबरहार्ट रविवारी रेडिओवर बायबल सांगता सांगता मेजर डग्लस या इंग्रज इंजिनिअरची सोशल क्रेडिटची थिअरी घुसवायचा, की माल भरपूर आहे पण लोकांच्या हातात तो घ्यायला पैसाच नाही. हे गावागावात, घराघरात पोचवलं ते अभ्यासमंडळांनी, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. का? वचन होतं महिना 25 डॉलरचं, ते कुटुंबाला नाही तर प्रत्येक सज्ञान माणसाला, म्हणजे शेतकऱ्याच्या बायकोलासुद्धा तिच्या स्वतःच्या नावावर, नवऱ्यापुढे हात न पसरता. त्या काळात हे केवढं मोठं वाटलं असेल! 63 पैकी 56 जागा उगाच नाही आल्या.

आडमुठा: प्रचारात होत्या, मान्य. पण सत्तेत? मतदारसंघातून तीन-चार नावं पाठवायची आणि त्यातलं एक अॅबरहार्ट आणि त्याची माणसं ठरवणार, अशी उमेदवारी. आधीच्या युनायटेड फार्मर्स या शेतकरी पक्षाच्या सरकारात आयरीन पार्लबी 14 वर्षं मंत्री होती, अॅबरहार्टच्या मंत्रिमंडळात एकही बाई नाही. तेही जाऊ दे, 1936मध्ये सरकारने काढलं काय तर प्रॉस्परिटी सर्टिफिकेट, एक डॉलरचा कागद, त्याच्या पाठीवर दर आठवड्याला एक सेंटचं तिकीट चिकटवायचं नाहीतर तो चालणार नाही. दुकानदार वैतागले, वर्षभरात प्रकरण गुंडाळलं. 1937ला बँकांवर लगाम घालायचे कायदे केले तर ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, रद्दच केले.

जुनी_वही: मंत्रिपदाचं बरोबर आहे तुझं, ते खटकतंच. पण दोघींची आमदारकी गेली म्हणून चळवळीतल्या बायका संपल्या नाहीत ना, 1940ला कॉर्नेलिया वुड स्टोनी प्लेनमधून आली आणि मधली काही वर्षं सोडली तर 1967पर्यंत विधानसभेत होती. कोणाला अभ्यास करायचा असेल तर खरं तर तिच्यावर करा.

रानफूल: अरे वा, ही वुड माझ्या यादीतच नव्हती! आणि ते 25 डॉलर कधी मिळाले का कोणाला?

आडमुठा: कधीच नाही. 1957ला अॅबरहार्टनंतरचा मुख्यमंत्री मॅनिंगने तेलाच्या रॉयल्टीतून 20 डॉलरचे चेक वाटले, 1958ला त्याहून थोडे कमी, मग तेही बंद. तेही महिन्याला नाही हां, वर्षाला.