थेरं नव्हती म्हणे! (काकांच्या कालच्या पोस्टला उत्तर)

सुजाता_नाशिक: काल इथे एका काकांनी लिहिलं, "हल्लीच्या पोरांना रील बघून डिप्रेशन येतं. आमच्या वेळी असली थेरं नव्हती." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

माझा भाऊ १९ वर्षांचा. दोन खोल्या, मधे पडदा. बारावीनंतर वर्ष वाया गेलं तेव्हा तो रात्री दोनपर्यंत पांघरुणात फोन घेऊन टाइप करत असायचा. आई ओरडायची, "कोण आहे ती?" ती कोणी नव्हती. तो समुपदेशकाशी चॅट करत होता. तोंडाने बोलला असता तर पडद्यापलीकडे बाबांना शब्दन् शब्द ऐकू गेला असता.

आणि तुमच्या वेळी नव्हतं? आमच्या आजीच्या 'अंगात यायचं'. मामा 'तिरसट' होता. नावं वेगळी होती, एवढंच. निम्हान्सच्या (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्य जास्त आढळलं ते ४० ते ४९ वयाच्या लोकांत. पोरांत नव्हे.

निवृत्त_मास्तर: ते काका मीच. 'थेरं' शब्द मागे घेतो, बाकीचं नाही. माझी नात नववीत आहे. परवा म्हणाली, "आजोबा, मला एडीएचडी आहे." म्हणजे लक्ष न टिकण्याचा, चुळबुळीचा विकार. कोणी सांगितलं? रीलने! अर्ध्या मिनिटात निदान! ३४ वर्षं वर्गात उभा राहिलोय, चुळबुळी पोरं ओळखतो मी.

रातपाळी: मास्तर, तुमच्या वयाच्या ग्रुपवर 'हा काढा प्या, नैराश्य पळवा' येतं, त्याचं काय? माझ्या वडिलांनी तसलाच फॉरवर्ड वाचून चालू गोळ्या परस्पर बंद केल्या. महिन्याभरात झोप उडाली, पहाटे तीनला गच्चीवर येरझाऱ्या. मी रील बघून किमान डॉक्टरकडे तरी गेलो.

परभणीकर_लेक: भाषेचं कोणी बोलणार आहे का? आईला (वय ६३) एक ॲप लावून दिलं. प्रश्न आला, 'गेल्या दोन आठवड्यांत आपणास निरुत्साह जाणवला का?' आई म्हणाली, "उत्साह कशाचा गं, लग्नकार्याचा?" आणि 'नाही'वर बोट ठेवलं. हीच बाई वर्षभर सांगतेय, जीव रमत नाही, घालमेल होते, छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटतं. ॲपने सांगितलं, सगळं उत्तम आहे.

कोथरूड_५२: उगाच भाषेवर घसरू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत.

परभणीकर_लेक: मराठीत म्हणजे कुणाच्या मराठीत? तुमच्या?

कोथरूड_५२: प्रत्येक धाग्यात पुणं ओढायची गरज नाही! तुम्ही तो नंबर लावून पाहिलात का, एवढंच सांगा.

परभणीकर_लेक: नाही लावला. लावते. पण ॲपचं म्हणणं सोडणार नाही. 'घालमेल' हा शब्द टाकायला काय पैसे पडतात?

ठाणेकर_सून: साधं मराठी हवं तर आयपीएच या ठाण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 'आवाहन' यूट्यूब वाहिनीवर मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींना ऐका. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, रोज जेवणानंतर बघतात.

रातपाळी: बघतात, छान. पण स्वतःचं कुणाशी बोलतात का? माझे वडीलही बघायचे. इकडे व्हिडिओ, तिकडे काढा.

ठाणेकर_सून: ...नाही बोलत. सासूबाई गेल्यापासून बघतात फक्त. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सुजाता_नाशिक: मी तेच म्हणतेय. पोरं टाइप करतात कारण घरात बोलायला कोपरा नाही. म्हाताऱ्यांना अख्खी दुपार मोकळी असते, फोन हातात असतो, पण त्यांनी बोलावं असं कुणी त्यांना म्हणत नाही.

निवृत्त_मास्तर: बरं. नातीला घेऊन शनिवारी डॉक्टरांकडे जातो. रील खोटं ठरलं तर इथे येऊन ठणकावून सांगेन.

रातपाळी: आणि खरं ठरलं तर?

निवृत्त_मास्तर: तरी सांगेन.