मदत हवी आहे: बुंदी रात्री क्रेटमध्ये झोपतच नाही

नमस्कार मंडळी, दीड महिन्यापूर्वी आमच्याकडे बुंदी आली, इंडी म्हणजे देशी कुत्री आहे, साधारण ५ महिन्यांची, कर्वेनगरात आमच्याच पार्किंगमध्ये सापडलेली. क्रेट, म्हणजे तिच्यासाठी पिंजरा, घेतला कारण रात्री मोकळी सोडली की चपला, चार्जरच्या वायरी, दिसेल ते चावते आणि चपलांचं जाऊ दे, वायरींची भीती वाटते. गंमत म्हणजे दिवसा काही त्रास नाही, जेवण आतच देते, दहीभात दिसला की आमच्याआधी आत पळते. पण रात्री ११ ला दार लावलं की वीसेक मिनिटं गप्प, मग आधी कुईकुई, मग पंजाने क्रेटच्या तळाचा ट्रे खरवडणं आणि शेवटी गळा काढून रडणं. परवा २ वाजता खालच्या काकांनी ग्रुपवर टाकलं "कुत्र्याला बरं नाही का?" काय म्हणायचंय ते कळलं.

शू म्हणावी तर झोपण्याआधी खाली नेऊन आणते. दार उघडलं की माझ्याकडेही येत नाही, सरळ बाथरूमच्या दाराशी जाऊन फरशीवर बेडकासारखे पाय पसरते, हनुवटी उंबऱ्यावर, आणि दोन मिनिटांत घोरते!! आई म्हणते पिंजऱ्यात कोंडू नकोस, नवरा म्हणतो रडू दे, चार दिवसांत सवय होईल, मला दोन्ही पटत नाही. क्रेट बेडरूममध्ये आणून झाला, आत आजीची गोधडी घातली, वरून चादर टाकली. उभी राहून वळता येईल एवढी जागा आहे. आमचा शेवटचा मजला, त्यामुळे काका म्हणतात आवाज जिन्यातून घुमतो. काय चुकतंय?

प्रतिसाद १: अगं एप्रिल महिना, वर तापलेला स्लॅब, खाली गोधडी, वरून चादर! उत्तर तूच लिहिलंयस की. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून आणि गार फरशीला पोट टेकवून ती गार होतात. गोधडी काढ, चादर काढ, क्रेट त्या बाथरूमपाशी ने.

प्रतिसाद २: उकाडा आहेच, पण रडू देऊ नकोस. लाळ गाळत असेल, गज चावत असेल, नखं तुटेपर्यंत खरवडत असेल तर तो हट्ट नाही, घाबरलीये, मग दार लावणं थांबव आणि वेटशी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरशी, बोल. नाहीतर दिवसा ती आत चघळत बसलेली असताना २ मिनिटं दार लाव, मग ५, असं वाढवत ने. जेवणापुरतं आत जाणं वेगळं आणि दार लावून झोपणं वेगळं. तोवर वायरी उचलून ठेव बाई.

धागाकर्ती: गोधडी काढली, खाली नुसता जुना पंचा. काल साडेतीनपर्यंत झोपली!! मग तिने उठवलं, शू करून आली, आपणहून आत गेली पण दार लावू देईना, म्हणून उघडंच ठेवलं, वायरी कपाटावर आहेत. फक्त क्रेट आता बाथरूमच्या दारातच आहे, सकाळी अंघोळीला आम्ही तो ओलांडून जातोय.