प्रतिसाद: जमाखर्चासोबत कामही तपासा

वर एकांनी लिहिलंय की ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवतात, कुणाला काही कळत नाही आणि विषय मंजूर होतो. खरं आहे ते. पण आपण प्रश्नच चुकीचा विचारतो असं मला वाटतं. 'किती खर्च झाले?' याचं उत्तर कागदावर तयारच असतं. त्या पैशातून सेवा मिळाली का, हे विचारायला हवं.

पाण्याचंच घ्या. १५व्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना मिळालेल्या अनुदानातले ६० टक्के (२०२१-२६ मध्ये) पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होते, म्हणजे दुसरीकडे वापरता येत नव्हते. रक्कम लहान नाही. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लिचिंग) पावडरीचं बिल जोडलेलं असतं. पण पोतं दमट खोलीत पडून राहिलं तर क्लोरीन उडून जातो आणि बिल तरीही बरोबरच दिसतं! म्हणून ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या चाचणीची, नोंदवही मागा. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. शेवटच्या टोकाच्या नळाचं पाणी चाचणीत पिवळं झालं का, कोणत्या तारखेला, ते त्यात असायला हवं. पाण्याच्या स्रोतांना धोका किती, हे दाखवणारं गावाचं कार्ड हिरवं (कमी धोका) आहे की पिवळं (मध्यम) की लाल (जास्त), हेही विचारा. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होऊन ते ठरतं.

पंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो, तो ग्रामसभेआधीच बघून ठेवा. आणि हे प्रश्न आधी महिला सभेत येऊ द्यात. नळाला पाणी किती वाजता आणि कसं येतं, ते तिथल्या बायकांना नेमकं ठाऊक असतं, आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.