जुना कब कॅडेट १०० मिळालाय, आधी रंग करू की आधी बर्फात उतरवू?

लोखंडवेडा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आता स्वतःचंच काम निघालंय म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १०० हा छोटा बागेचा ट्रॅक्टर घरी आणला, १९६३ ते १९६५ मधला, कोहलरचं १० हॉर्सपॉवरचं के२४१ इंजिन, तीन गियर, सोबत मूळचं ४२ इंची बर्फाचं ब्लेड. ज्या आजोबांकडून घेतला त्यांनी वीसेक हिवाळे स्वतः चालवला, मग गुडघे गेले आणि ट्रॅक्टर शेडमध्ये ताडपत्रीखाली बारा वर्षं उभा राहिला. देताना बॉनेटवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले की ह्याला उभं ठेवू नकोस. ते काही डोक्यातून जात नाहीये.

आता अवस्था सांगतो. फ्लायव्हील हाताने फिरतं, म्हणजे इंजिन जाम नाही. स्पार्क मात्र अजिबात नाही. टाकीतल्या पेट्रोलचं वॉर्निश, म्हणजे चिकट थर झालाय. मागच्या गियर केसचं तेल डिपस्टिकऐवजी लेव्हलच्या बोल्टमधून बघितलं तर पांढरट, ताकासारखं. स्टीअरिंग पाव फेरा फुकट फिरतं. कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारला तर आकडा इतका कमी आला की पोटात गोळाच आला.

माझ्या मनात होतं की सगळा खोलावा, सँडब्लास्ट करून पिवळा-पांढरा मूळ रंग द्यावा आणि मगच चालवावा. पण बर्फ पडायला जेमतेम सहा-सात आठवडे उरलेत आणि ड्राइव्हवे लांब आहे, अर्धा डांबरी अर्धा खडीचा, थोडा चढही आहे. तर विचारायचं असं की रंग आधी का काम आधी, इंजिन खरंच गेलंय का, आणि वजनासाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरलं तर चालेल का?

गॅरेजकाका

अभिनंदन रे, चांगली वस्तू मिळालीये. मी दोन कब कॅडेट आणि एक व्हील हॉर्स (तसाच दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर) उभे केलेत, त्यावरून सांगतो, रंगाचा डबा ह्या वर्षी उघडूच नको. एक हिवाळा चालव, काय गळतं, काय खडखडतं, कुठली पिन सैल आहे ते ट्रॅक्टर स्वतः दाखवेल, मग उन्हाळ्यात खोल. आधी रंग केलास तर तोच नवा रंग पान्ह्याने खरवडत बसावं लागतं, मी पहिल्या ट्रॅक्टरला हेच केलं आणि अजून हळहळ वाटते.

सगळ्यात आधी मागची केस. ताकासारखं तेल म्हणजे आत पाणी आहे, दुसरं काही नाही. हे आज-उद्या कर, इंजिन सुरू होण्याची वाट बघू नको. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, थंडीत गोठतं, आणि तू क्लच सोडलास की गियरचे दात बर्फाच्या गोळ्यावर आदळतात. ओतीव लोखंडाची केस आणि गियर, तडकले की संपलं. शक्यतो मागचं झाकणच उघड, तळाचा गाळ चिंधीने पुसून घे, नवीन गॅस्केट आणि हाय-ट्रान (ह्या कंपनीचं गियरचं तेल). दहा-वीस तास चालवून परत एकदा बदल कारण कोपऱ्यातलं पाणी पहिल्या फेरीत सगळं निघत नाही. आणि पाणी शिरलं कुठून तेही शोध, बहुतेक वेळा गियर लिव्हरच्या रबरी बुटाला चीर गेलेली असते.

कॉम्प्रेशनचं टेन्शन घेऊ नको. ह्या के मालिकेतल्या बहुतेक इंजिनांना कॅमशाफ्टवर कॉम्प्रेशन रिलीज असतो, सेल्फ मारताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो म्हणजे इंजिन हलकं फिरतं, त्यामुळे साध्या गेजवर आकडा कमीच दिसणार. पिस्टन वर आणून, फ्लायव्हील घट्ट धरून प्लगच्या भोकातून हवा भर आणि कान लाव. कार्ब्युरेटरमधून सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारं भोक) जोरात आला तर पिस्टनच्या रिंगा. थोडी फुसफुस सगळीकडेच असते, तिला घाबरायचं नाही.

स्पार्क. ह्या इंजिनाचे पॉइंट, म्हणजे उघड-बंद होऊन स्पार्क पाडणारे संपर्क, बाहेरच असतात, इंजिनाच्या अंगाला छोटं झाकण आहे त्याखाली, फ्लायव्हील काढायची गरजच नाही. बारा वर्षं उभं म्हणजे पॉइंटवर करडा थर बसलेला असणार. बारीक पॉलिश पेपरने घास, मग त्यांच्यामध्ये कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा धरून ओढ, कागद काळा निघायचा थांबला की झालं. गॅप ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. पण खरं सेटिंग फ्लायव्हीलवरच्या एस किंवा एसपी खुणेवर, खूण भोकासमोर येताक्षणी पॉइंट नुकते उघडायला लागले पाहिजेत. त्याआधी कॉइलला १२ व्होल्ट पोचतायत का बघ, ह्या ट्रॅक्टरला बॅटरी इग्निशन आहे, इग्निशन स्विच खराब असेल तर पॉइंट कितीही घासले तरी उपयोग नाही.

पांढराहिवाळा

काकांच्या सगळ्याला +१. मी बर्फ ढकलण्याबद्दल लिहिते कारण माझा जॉन डिअर ११० ट्रॅक्टर गेली नऊ वर्षं तेच काम करतोय.

टायरमध्ये साधं पाणी अजिबात भरू नकोस, गोठेल. गाडीच्या काचेचं वॉशर फ्लुइड भर, उणे तापमानाला चालणारं, किंवा बीटच्या रसाचं जे द्रावण मिळतं ते, ते पाण्यापेक्षा तीसएक टक्के जड असतं आणि रिम खात नाही. कॅल्शियम क्लोराइडही जड पण ट्यूब नसेल तर रिम कुरतडतं, माझी एक रिम व्हॉल्व्हपाशी चाळणीसारखी झाली, चूक माझीच, ट्यूब टाकली नव्हती. टायर पूर्ण भरायचा नसतो, व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, वर हवा राहू दे. तुझ्या मापाच्या मागच्या एका टायरमध्ये वीसेक किलो सहज जातं, वर चाकांची ओतीव वजनं मिळाली तर उत्तमच.

चेन हव्यातच. लोकांना वाटतं १० हॉर्सपॉवर कमी पडेल, तसं नाही, ताकद संपायच्या खूप आधी पकड संपते. गुळगुळीत लॉनचे टायर, खाली बर्फ, चाकं जागेवर गरगर फिरतात आणि १० असो की १६, ट्रॅक्टर तिथेच. घेताना दोन कडीवाली चेन घे, म्हणजे आडव्या साखळ्या दर दुसऱ्या कडीला असतात. चार कडीवालीत अंतर जास्त, टायर मधल्या मोकळ्या जागेवर आला की घसरतो आणि डांबरी भागावर बसल्याजागी हाडं खिळखिळी होतात.

आता ब्लेड. ४२ इंची ब्लेड तिरकं केलं, समज ३० अंश, की साफ होणारा पट्टा ३६ इंचाच्या आसपास उरतो, त्या हिशोबाने फेऱ्या धर आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढव. पहिल्या बर्फालाच कडेचा ढीग शक्य तितका लांब ढकल, अगदी गवतात आत पर्यंत. तेव्हा वाटतं कशाला एवढं, पण तो ढीग गोठून दगड होतो आणि पुढचा बर्फ त्याच्या अलीकडेच पडतो, फेब्रुवारीपर्यंत ड्राइव्हवे बोळ होऊन जातो. खडीच्या भागात ब्लेडखालचे स्किड शू खाली करून पातं जमिनीपासून इंचभर वर ठेव, जमीन एकदा गोठली की मग खाली आणता येतं. आणि बर्फ पडत असतानाच मध्ये एकदा बाहेर पड. चार-पाच इंच दोनदा ढकलणं सोपं, दहा इंच ओला बर्फ एकदम ढकलणं ह्या मशीनच्या अंगावर येतं.

चढाचं म्हणशील तर शक्यतो वरून खाली ढकल.

स्पिरॉलपिन

मला एका बाबतीत काकांपेक्षा वेगळं वाटतं. रंग नंतर, मान्य, पण क्लच आणि ड्राइव्ह शाफ्ट बर्फाच्या आधी काढून बघच. १९६१ च्या पहिल्या कब कॅडेटला बेल्ट होता, तुझ्या १०० ला इंजिनापासून थेट शाफ्ट आहे, आणि हीच ह्या ट्रॅक्टरची खरी ताकद. बेल्ट ओला होऊन सुटतो, हा सुटत नाही. पण म्हणूनच सगळा झटका शाफ्ट जोडणाऱ्या गुंडाळीच्या पिनांवर (स्पिरॉल पिन) येतो. पिना झिजल्या की शाफ्टमधली गोल भोकं लांबट होतात आणि एका थंड सकाळी क्लच फटकन सोडला की पिन कातरली जाते. ट्रॅक्टर ड्राइव्हवेच्या मधोमध, इंजिन मजेत चालू, चाक हलत नाही.

तपासायला सोपं आहे. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, ट्रॅक्टर गियरमध्ये. शाफ्ट हाताने धरून उलट-सुलट पिळ. कपलिंगपाशी टिक-टिक आवाज आला आणि पिन भोकात हलताना दिसली तर बदल. शाफ्ट बाहेर काढलासच तर थ्रो-आउट बेअरिंग (क्लच दाबला की तो सोडवणारं) पण फिरवून बघ, वाळूसारखं लागलं तर नवीन टाक.

स्टीअरिंगचा पाव फेरा सगळा गियर बॉक्सचा नसतो. दुसऱ्या माणसाला स्टीअरिंग हलवायला सांग आणि तू खाली बसून एकेक टाय रॉडचा (पुढची चाकं वळवणारा दांडा) सांधा बघ, मग पुढच्या ऍक्सलची मधली पिन. बॉक्समध्ये ऍडजस्टमेंट आहे पण ती शेवटी.

लोखंडवेडा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवडे रोज रात्री गॅरेजात होतो.

मागचा ड्रेन प्लग काढला तर आधी पाऊण लिटर निव्वळ पाणी आलं, स्वच्छ, नळाचं वाटावं असं, आणि मग पिवळट-पांढरा घट्ट लगदा. झाकण उघडलं, गियरचे दात सगळे शाबूत, वरच्या एका गियरवर पाण्याच्या रेषेइतका गंजाचा पट्टा, बाकी चकचकीत. बूट खरंच चिरलेला होता.

स्पार्क नसण्याचं कारण पॉइंट नव्हतेच! पॉइंट घासले, कार्ड ओढलं, गॅप लावला, तरी काही नाही. मग टॉर्च धरून बघितलं तर कंडेन्सरची (पॉइंटला जोडलेला छोटा डबा) वायर झाकणाच्या कडेखाली चिमटली गेलेली, इन्सुलेशन कातरलेलं आणि आतली तार तांब्याच्या एका ठिपक्याइतकी लोखंडाला टेकत होती. कधीतरी कोणीतरी झाकण घाईत बसवलं असणार. नवीन कंडेन्सर, वायर खाचेतून नीट, आणि निळा ठसठशीत स्पार्क. कार्ब्युरेटर धुतला, टाकी धुतली, तिसऱ्या सेल्फला लागला. तो धक-धक आवाज ऐकून मुलगी वरून धावत खाली आली.

हवा भरून ऐकलं, ब्रीदरमधून थोडी येते, व्हॉल्व्ह ठीक वाटतात. पुढची एक पिन हलत होती, बदलली. एकच अडचण, बॅटरी चार्ज होत नाही, अँपमीटरचा काटा मायनसमध्येच.

गॅरेजकाका

वा! कंडेन्सरची वायर शोधलीस हे भारी.

चार्जिंगचं बघ, ह्याला डेल्कोचा स्टार्टर-जनरेटर आहे, सेल्फ आणि चार्जिंग दोन्ही एकाच यंत्रात. इतकी वर्षं उभं राहिलं की त्याच्यातलं चुंबकत्व जातं, त्याला पोलराइज करावं लागतं. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरच्या बॅट आणि जेन टर्मिनलला एक वायर क्षणभर टेकव, बारीक ठिणगी उडेल, लगेच काढ. मग सुरू करून काटा बघ. बेल्टही ताण, सैल बेल्ट थंडीत सेल्फलाच घसरतो.

उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि इंजिन ऑइल मधासारखं होतं, म्हणून उन्हाळ्याचं एसएई ३० काढून ५डब्ल्यू-३० भर. बॅटरी उतरलेली ठेवू नको, उतरलेली गोठते आणि फुटते.

आणि हे नीट वाच. गॅरेजचं दार बंद ठेवून एक मिनिटही इंजिन गरम करू नको, अर्धवट उघडं ठेवून पण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुरू केला की बाहेर. आणि एवढ्या जुन्या ट्रॅक्टरला सीटखाली इंजिन बंद करणारा स्विच नाही, तू उतरलास तरी तो चालत राहील, म्हणून न्यूट्रल, ब्रेक, ब्लेड खाली, मगच उतरायचं, मुलं अंगणात असली तर जास्तच.

लोखंडवेडा

पोलराइज केल्यावर काटा पहिल्यांदाच प्लसला गेला. आणि काल रात्री आठ इंच पडला.

पहिला गियर, ब्लेड उजवीकडे तिरकं, वॉशर फ्लुइड आणि दोन कडीवाल्या चेन. खालचा डांबरी भाग लोण्यासारखा निघाला. वर खडीत सुरुवातीला ओला बर्फ ब्लेडलाच चिकटून गोळा व्हायला लागला, वाहायचाच नाही, मग परत आणून ब्लेड पुसून मेण चोळलं आणि बर्फ कडेला गुंडाळत पडायला लागला, लाकडाच्या रंद्यातून भुगा निघतो तसा. ढीग ताईंनी सांगितला तसा गवतात आठ-दहा फूट आत नेला. एकदा खडीखालच्या दगडावर ब्लेड आदळलं, ट्रिप स्प्रिंगने झुकून परत उभं राहिलं, ट्रॅक्टरला काही झालं नाही.

आजोबांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी दोनदा बघितला आणि मग फोन करून विचारलं की तिसऱ्या गियरमध्ये जाताना अजून अडतो का. अडतो.

रंग मे महिन्यात. कटिंग एजचे (ब्लेडच्या खालच्या कडेची पट्टी) डावीकडचे दोन बोल्ट आज सैल सापडले, संध्याकाळी आवळतो.

स्पिरॉलपिन

नुसते आवळू नको, नवे टाक. चौकोनी मानेचे असतात, मान झिजली की परत सैल होतात.