मदत हवी आहे: ५० ग्रॅमची शुगर टेस्ट १५२ आली, सोमवारी तीन तासांची आहे

नवी_पालवी

नमस्कार मंडळी. पहिलटकरीण आहे, २६वा आठवडा चालू आहे. गुरुवारी ५० ग्रॅम ग्लुकोज पाजून तासाभराने रक्त घेतलं, आकडा आला १५२. कागदावर १४० च्या आत हवा असं छापलंय. आता सोमवारी १०० ग्रॅमची तीन तासांची टेस्ट सांगितली आहे. बाहेर गर्दी होती, डॉक्टरबाई दोन वाक्यांत सांगून मोकळ्या झाल्या आणि मी बाकावर रडत बसले.

तेव्हापासून गोड बंद केलंय, जेवणही निम्म्यावर आणलंय, म्हणजे सोमवारी तरी आकडे बरे येतील.

प्रश्न बरेच आहेत, एकदमच टाकते. गुरुवारी मी नाश्ता करून गेले होते, त्यानेच बिघडलं का? माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.२ आहे, म्हणजे नॉर्मल, मग ही दुसरी टेस्ट टाळता येईल का? घरात कुणालाच डायबेटिस नाही, वजनही बेताचंच, मग मला कसं काय?

आणि सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे नणंदेची गोष्ट. तिची दुसरीकडे एकदाच टेस्ट झाली, ७५ ग्रॅमची. उपाशीपोटी ९४ आलं आणि फाइलवर लगेच जेस्टेशनल डायबेटिस, म्हणजे गरोदरपणातला डायबेटिस, लिहिलं. माझ्या कागदावर उपाशीपोटीची मर्यादा ९५ आहे! खरं काय धरायचं?

उन्हातली_सावली

अगं, आधी पोटभर जेव! तीन तासांच्या टेस्टच्या आधीचे तीन दिवस नेहमीसारखं खायचं असतं, दिवसाला निदान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. तीन-चार दिवस हात आखडून खाल्लं की शरीराची साखर हाताळायची सवय सुटते, आणि मग अचानक १०० ग्रॅम ग्लुकोज आलं की आकडा उलट चढतो. पास होण्यासाठी जे करते आहेस त्यानेच नापास व्हायचीस. मी माझ्या वेळी हाच शहाणपणा केला होता आणि पुन्हा सुई टोचून घेतली.

नाश्त्याचं मनातून काढून टाक. ५० ग्रॅमची टेस्ट उपाशीपोटी करावी लागत नाही. ती नुसती चाळणी आहे गं. कुणी निसटू नये म्हणून मर्यादा मुद्दाम खाली ठेवतात, काही ठिकाणी तर १३० च धरतात. त्यात अडकलेल्या बहुतेकजणी पुढच्या टेस्टमध्ये सुटतात. एचबीएवनसीवर विसंबू नकोस. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे तो आकडा एरवीपेक्षा कमीच दिसतो.

काचेची_नळी

लॅबमध्ये काम करते, म्हणून तेवढ्यापुरतं सांगते. आदल्या रात्री जेवलात की ८ ते १४ तास फक्त पाणी. सकाळी पहिलं रक्त उपाशीपोटी घेतील, मग ग्लुकोज. ते पाचेक मिनिटांत संपवायचं, तासभर घोट घोट घेत बसायचं नाही. घड्याळ पहिल्या घोटाला लावतात, ग्लास रिकामा झाल्यावर नाही. वेळ स्वतःही लिहून ठेवा, आमच्याकडे चार बायका एकदम बसलेल्या असतात.

तिन्ही तास बसून राहा. खाली जाऊन फेरी मारून येते म्हणणाऱ्या हमखास असतात. चालल्यावर स्नायू साखर ओढतात आणि रिपोर्टचा अर्थच राहत नाही. उलटी झाली तर लपवू नका, टेस्ट तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी करावी लागते. ग्लुकोज गार करून मिळालं तर बघा, मळमळ जरा कमी होते.

आणि नळीच्या टोपणाचा रंग बघा. साखरेसाठी बहुधा करड्या टोपणाची असते, आत फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. हे कुणी विचारत नाही, पण विचारावं.

जुना_वाचक

पालवीताई, तुमचा ९४-९५ चा घोळ खराच आहे, तुमची समजण्यात चूक नाही. तुमची पद्धत ओसलिव्हन आणि महान यांच्या १९६४ च्या कामातून आली. त्यांनी बघितलं होतं ते हे, की या बाईला पुढे आयुष्यात डायबेटिस होईल का. बाळाचा विचार त्या रेषेत नव्हता. १९८२ मध्ये कार्पेंटर आणि कूस्टन यांनी ते आकडे नव्या मोजणीला जुळवले: उपाशी ९५, मग तासातासाने १८०, १५५, १४०. चारपैकी दोन किंवा जास्त चढले की निदान.

२००८ मध्ये हापो नावाचा अभ्यास आला, ९ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर स्त्रियांचा. त्यात दिसलं की आईची साखर जसजशी वाढते तसतसं बाळाचं वजन वाढत जातं, इथपर्यंत ठीक आणि इथून धोका अशी पायरी मध्ये कुठेच नाही. मग तज्ज्ञांनी बसून रेषा आखली: ७५ ग्रॅमला उपाशी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३, आणि एक जरी ओलांडला तरी निदान. तुमच्या नणंदबाई त्या रेषेत सापडल्या. उपाशीपोटीचा आकडा ग्लुकोज पिण्याआधीचा, म्हणून तो तेवढा शेजारी ठेवून बघता येतो. पुढचे आकडे नका जुळवत बसू, डोसच वेगळा आहे.

दुसरेपण

'मला कसं काय' हे मीही विचारलं होतं. वारेतून निघणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून भागवतं, काहींचं पुरं पडत नाही. हे मधल्या महिन्यांत वाढत जातं, म्हणून टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत. बारीक बायकांनाही होतं, मी ५१ किलोची होते.

समजा निघालाच, तर काय होतं तेही ऐक. साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड जास्त राबतं, अंग भरतं, आणि नाळ कापल्यावर साखर बंद पण इन्सुलिन चालूच, म्हणून जन्मल्यावर त्याची साखर खाली जाऊ शकते. माझ्या मुलीच्या टाचेला टोचून बघत होते, तेव्हा माझंच हृदय बंद पडायचं बाकी होतं. आकडे बरे आले.

घरी ग्लुकोमीटरवर उपाशी ९५, जेवणानंतर तासाने १४०, दोन तासांनी १२० याच्या आत ठेवायला सांगितलं होतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालले की दहा-पंधरा तरी उतरायचे, मला तर ते वेडच लागलं होतं. उपाशीचा काही केल्या उतरेना, मग रात्री इन्सुलिन. सुईची भीती दोन दिवस टिकली.

एक गोष्ट मात्र मी चुकवली. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅमची टेस्ट पुन्हा करायची असते. मी केली मुलगी सात महिन्यांची झाल्यावर, बाळाच्या लशीच्या कार्डावरची एकही तारीख चुकली नव्हती तेव्हा.

नवी_पालवी

सगळ्यांचे खूप आभार. शनिवार-रविवार नीट जेवले. सोमवारी ग्लुकोज गारच मिळालं, तरी दुसऱ्या तासाला मळमळलं. मान मागे टाकून बसून राहिले, उलटी नाही झाली. टोपण करडंच होतं, मी विचारल्यावर त्या मुलीने वर बघितलं.

उपाशी ८८, मग १८६, १४९, १२१. म्हणजे चारातला एक वर. डॉक्टरबाईंनी या वेळी खुर्ची ओढून बसायला सांगितलं. निदान लिहिलेलं नाही, पण जेवणानंतर चालायचं, आठवडाभर घरी मोजून वहीत लिहायचं आणि वही घेऊन यायचं. ग्लुकोमीटर नणंदेचाच आणलाय, पट्ट्या नव्या घेतल्या.

दुसरेपणताई, तासाभराचं घड्याळ पहिल्या घासाला लावायचं की जेवण संपल्यावर?

दुसरेपण

पहिल्या घासाला. आणि आधी हात धुऊन कोरडे करून घे, बोटाला फळाचा रस लागलेला असताना मी एकदा २१० वाचून घरभर रडले होते.